52 दिवसांचा उशीर : ब्रिटिश खासदारांना खुले पत्र

प्रति,
हाउस ऑफ कॉमन्सचे सर्व सन्माननीय सदस्य,
वेस्टमिन्स्टर, लंडन.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मी मूळची गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली. 2011 पासून इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये राहते. पहिली सहा वर्षं एका गोदामात रात्रपाळीला पॅकिंग केलं, आता एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. या पत्राची इंग्रजी प्रत माझ्या मतदारसंघाच्या खासदारांना टपालाने पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते माझ्या गावच्या आणि नात्यातल्या माणसांसाठी. ब्रिटनने युरोपीय संघातून निघायचं ठरवलं, ज्याला ब्रेक्झिट म्हणतात, तेव्हापासून ती मला फोनवर एकच विचारतात, ‘तुमचं तिथे नेमकं झालं तरी काय?’ फोनवर ते नीट सांगता येत नाही. आणि जे त्यांना सांगायचं, तेच तुम्हालाही सांगायचं आहे.

निमित्त झालं ते 17 जुलै 2025 च्या घोषणेचं. पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत 16 आणि 17 वर्षांच्या मुलामुलींना मत देता येईल, असं तुमच्या सरकारने जाहीर केलं. निर्णय चांगला आहे. माझा मुलगा आज तेरा वर्षांचा आहे. तो इथेच जन्मला, पुढे रीतसर फी भरून आम्ही त्याची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंद करून घेतली. 2029 मध्ये निवडणूक झाली तर तो मत देईल. ती बातमी मी दोनदा वाचली. युरोपीय संघाचे नागरिक म्हणून इथे आलेल्या आणि इथेच राहिलेल्या आम्हा लोकांबद्दल त्यात काही असेल म्हणून शेवटपर्यंत गेले. काहीच नव्हतं. मुलगा मत द्यायला आत जाईल आणि आई बाहेर उभी राहील. त्या रात्री हे पत्र लिहायला बसले.

गोव्याची बाई युरोपीय संघाची नागरिक कशी, हे आधी सांगते. गोवा 19 डिसेंबर 1961 ला मुक्त झाला. त्याआधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचा कायदा आजही नागरिकत्व नोंदवू देतो. माझ्या बाबांचा जन्म 1948 चा. त्यांच्या जन्माची हाताने लिहिलेली पोर्तुगीज नोंद मिळाली, ती लिस्बनला गेली, आणि तिच्या आधारे 2010 मध्ये मी पोर्तुगीज झाले. पोर्तुगाल आणि ब्रिटन दोघेही तेव्हा युरोपीय संघात, म्हणून त्या पासपोर्टवर इथे राहता, काम करता येत होतं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून भारतीय पासपोर्ट परत करावा लागला. रद्द झाल्याचा शिक्का मारून तो माझ्या हातात दिला, तेव्हा मी तो पर्समध्ये न ठेवता ओढणीत गुंडाळून घरी आणला. आजही तो कपाटात देवाच्या पोथ्यांशेजारी आहे. मी ते पोटासाठी केलं, आणि तसं सांगायला मला लाज वाटत नाही. पण त्याची किंमत 2016 मध्ये अशी मोजावी लागेल, असं वाटलं नव्हतं.

युरोपीय संघात राहायचं की निघायचं, यावरच्या 23 जून 2016 च्या सार्वमतात मत कोणाला होतं? ब्रिटिश नागरिकांना, आयर्लंडच्या नागरिकांना, आणि इथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना. म्हणजे इथे कायद्याने राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मत होतं. माल्टा आणि सायप्रस राष्ट्रकुलात असल्यामुळे तिथल्या लोकांनाही होतं. पोर्तुगीज, पोलिश, रोमानियन, स्पॅनिश माणसांना नव्हतं. आमच्या गल्लीत समोर एक तेलुगू कुटुंब राहायचं, भारतीय पासपोर्टवर, येऊन दीड वर्ष झालेलं. त्या वहिनी मत देऊन आल्या. मी पाच वर्षं इथे राबत होते, माझ्या राहण्याचा हक्कच त्या मतपत्रिकेवर होता, आणि मी घरी बसून होते. मी जुना पासपोर्ट ठेवला असता तर मला मत मिळालं असतं. त्या वहिनींना मत मिळालं याचं मला दुःख नाही, त्यांना मिळायलाच हवं होतं. पण ज्यांचं सगळं आयुष्य त्या एका दिवसावर टांगलं होतं, त्यांनाच वगळायचं हे कोणत्या न्यायाने ठरलं?

हे अशक्य होतं म्हणावं, तर तेही नाही. 18 सप्टेंबर 2014 ला स्कॉटलंडने स्वतंत्र व्हावं का यावर सार्वमत झालं, तेव्हा तिथे राहणाऱ्या युरोपीय नागरिकांना मत होतं, सोळा वर्षांच्या मुलांनाही होतं. पुढच्याच वर्षी तुमच्या याच संसदेने युरोपीय संघाच्या सार्वमताचा कायदा करताना दोघांनाही बाहेर ठेवलं.

दुसरं गाऱ्हाणं 2016 च्या सार्वमतात विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. इथे मला माझ्या आजोबांना मध्ये आणायला हवं.

गोव्यातही एक सार्वमत झालं होतं, 16 जानेवारी 1967 ला. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावं की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहावं, असा प्रश्न होता. विलीनीकरणाचं चिन्ह फूल, वेगळं राहण्याचं दोन पानं. आमचे आजोबा मराठी शाळेत मास्तर होते आणि हाडाचे विलीनीकरणवादी. त्यांनी गावोगाव पायी फिरून फुलाचा प्रचार केला. फुलाला 1,38,170 मतं पडली, दोन पानांना 1,72,191. आजोबा हरले. पुढे मरेपर्यंत त्यांना ते लागून राहिलं, पण मतमोजणीवर किंवा प्रश्नावर त्यांनी कधी बोट ठेवलं नाही. आम्हा नातवंडांना सांगायचे, ‘हरलो, पण कशात हरलो ते आम्हाला ठाऊक होतं.’ विलीन झालो तर काय, हे ठाऊक होतं, कारण महाराष्ट्र समोर होता. वेगळं राहिलो तर काय, हेही ठाऊक होतं, कारण तो कारभार चालूच होता. आणि सत्तेवर असलेल्या पक्षाने मतदानावर वजन टाकू नये म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. ते स्वतः विलीनीकरणाच्या बाजूचे, तरी दिला. काही आठवड्यांनी निवडणूक झाली आणि लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिलं. गोव्याचं ते प्रकरण तिथे मिटलं.

तुमच्या मतपत्रिकेवर दोन पर्याय होते, राहायचं की निघायचं. ‘राहायचं’ म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं, 1973 पासून राहतच होता. ‘निघायचं’ म्हणजे काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एकत्र बाजारपेठेत राहून निघायचं, नॉर्वेसारखं? फक्त जकात संघात राहायचं? की सगळं तोडून निघायचं? निघण्याच्या बाजूला 1,74,10,742 मतं पडली आणि राहण्याच्या बाजूला 1,61,41,241. फरक बारा लाख एकोणसत्तर हजारांचा. पण ती पावणेदोन कोटी मतं एकाच गोष्टीला पडली होती का? आमच्या शेजारचे म्हातारे गृहस्थ पूर्वी रेल्वेच्या कारखान्यात होते. त्यांनी निघायला मत दिलं. दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात आले आणि म्हणाले, ‘तुमच्याविरुद्ध नव्हतं हं ते.’ मला ते पटलं. ते खोटं बोलणारे नव्हते. त्यांना ब्रसेल्सहून कायदे यायला नको होते, एवढंच. पण त्यांच्या त्या मताचा अर्थ पुढे काय लावला गेला, हे त्यांनाही कोणी विचारलं नाही.

त्याचा पुरावा तुमच्याच सभागृहात आहे. 27 मार्च 2019 ला तुमच्यापुढे आठ पर्याय ठेवले गेले आणि एकालाही बहुमत मिळालं नाही. 1 एप्रिलला चार पर्याय, पुन्हा एकालाही नाही. त्याआधी तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपीय संघाशी केलेला निघण्याचा करार 15 जानेवारीला 432 विरुद्ध 202 मतांनी पडला होता. तो मार्चमध्ये दोनदा पुन्हा आला आणि दोन्ही वेळा पडला. सप्टेंबरमध्ये पुढच्या पंतप्रधानांनी संसद तहकूब केली, तर सर्वोच्च न्यायालयाच्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं. तीन वर्षं उलटली तरी देशाच्या संसदेला ‘निघणं’ म्हणजे काय ते ठरवता येत नव्हतं. मग 2016 च्या जूनमध्ये भाजी घ्यायला निघालेल्या माणसाने वाटेत त्यावर फुली कशी मारायची होती?

आणि हा देशही एक नव्हे. स्कॉटलंडमध्ये 62 टक्के लोकांनी राहायला मत दिलं, तिथल्या 32 च्या 32 परिषद क्षेत्रांत राहणाऱ्यांचंच बहुमत होतं. उत्तर आयर्लंडमध्ये 55.8 टक्क्यांनी राहायला मत दिलं. इंग्लंड आणि वेल्स निघायच्या बाजूने गेले, आणि इंग्लंडची लोकसंख्याच एवढी की बाकीच्यांचं म्हणणं बेरजेत बुडालं. स्कॉटलंडच्या लोकांना 2014 मध्ये सांगितलं होतं की स्वतंत्र झालात तर युरोपीय संघातून बाहेर पडाल. ते ब्रिटनमध्ये राहिले, आणि तरी संघातून बाहेर पडले. त्यांनी पुन्हा विचारायचं म्हटलं, तर 2022 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वेस्टमिन्स्टरच्या संमतीशिवाय त्यांना ते करता येत नाही. ती संमती तुम्ही अजून दिलेली नाही.

उत्तर आयर्लंडबद्दल मी जपून बोलते, तिथली जखम माझी नाही. पण सीमा म्हणजे काय ते पेडण्याच्या माणसाला कळतं. आमच्या घरापासून पत्रादेवीचा नाका जवळ. 1961 पर्यंत तो दोन देशांमधला नाका होता, 15 ऑगस्ट 1955 ला तिथे सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे नाका उरला तो नावाचा, आणि बांद्याचा माणूस रोज गोव्यात कामाला येऊ लागला. 2020 च्या टाळेबंदीत काही महिने तो पुन्हा बंद झाला, तेव्हा पलीकडे पोळ्या लाटायला जाणारी आमची मावशी दोन किलोमीटरवरच्या स्वतःच्या भाचीला भेटू शकली नाही. तुमच्या देशातलं उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातला आयर्लंड देश यांच्यातली सीमा साधारण 500 किलोमीटरची, ती कुणाच्या शेतातून जाते, कुणाच्या अंगणातून. 1998 च्या शांतता करारानंतर तिथल्या चौक्या गेल्या. तुम्ही बाहेर पडायचं ठरवलंत तेव्हा ही सीमा पुन्हा उभी राहणार का, याचं उत्तर प्रचारात कुणी नीट दिलं नाही. शेवटी जमिनीवरची सीमा वाचली, पण मालाची तपासणी समुद्रावर सरकली, ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडच्या मध्ये. ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्या तिथल्या समाजाला ते स्वतःच्या देशातून तोडल्यासारखं वाटलं. त्या कारणावरून बेलफास्टचं सरकार फेब्रुवारी 2022 पासून फेब्रुवारी 2024 पर्यंत ठप्प राहिलं. विंडसरच्या करारपत्राने 2023 मध्ये काही गाठी सैल झाल्या, सगळ्या नाही.

आता माझ्या घरचं.

माझा धाकटा भाऊ 2017 मध्ये इथे आला, तोही पोर्तुगीज पासपोर्टवर. त्याचं लग्न सावंतवाडीच्या मुलीशी ठरलं, तारीख 2020 च्या मे महिन्यातली. मार्चमध्ये विमानं बंद झाली. तारीख पुढे गेली. दिवाळीनंतर जायचं ठरलं तर त्याला स्वतःला कोविड झाला. मग 27 डिसेंबर ठरली, मुलीच्या घरच्या अंगणात, पन्नास माणसांत. 23 डिसेंबरचं तिकीट काढलं. 21 तारखेला बातमी आली की विषाणूच्या नव्या प्रकारामुळे भारत 22 च्या मध्यरात्रीपासून ब्रिटनची सगळी विमानं थांबवतो आहे. भारताचा तो निर्णय मी चूक म्हणत नाही, त्यांना त्यांची माणसं वाचवायची होती.

सूटकेस आमच्या बैठकीच्या खोलीत भरून ठेवलेली होती. वर मुलीसाठी घेतलेलं घड्याळ होतं, त्याच्या खाली आईने सांगितलेले चॉकलेटचे डबे, तळाशी त्याची शेरवानी. 27 ला सकाळी, तिकडे दुपार असताना, मुलीच्या आईने व्हिडिओ कॉल केला. अंगणात मांडव घातलेला होता, तो काढायला माणसं आली होती. मुलगी साध्या ड्रेसमध्ये ओट्यावर बसली होती, हाताला मेंदी. आदल्या दिवशीची. बातमी कळूनही तिच्या मैत्रिणींनी ती काढली होती. माझा भाऊ काही बोलला नाही. त्याने फोन माझ्याकडे दिला आणि सूटकेस उचलून वरच्या खोलीत नेली.

तो आठवडा आठवा. 24 डिसेंबरला तुमच्या सरकारचा युरोपीय संघाशी व्यापार करार झाला, बाराशेहून अधिक पानांचा. 30 डिसेंबरला तुम्ही त्याचा कायदा एका दिवसात दोन्ही सभागृहांत मंजूर केलात. 31 डिसेंबरच्या रात्री 11 वाजता संक्रमणकाळ, म्हणजे बाहेर पडल्यावरही जुने नियम चालू राहण्याचा काळ, संपला. युरोपीय नागरिकाच्या जोडीदाराला आधीच झालेल्या, संघातून निघण्याच्या कराराखाली इथे यायचं असेल तर नातं त्या रात्रीच्या आत जुळलेलं असायला हवं होतं. माझ्या भावाचं लग्न 21 फेब्रुवारी 2021 ला लागलं. मुहूर्त बघायला कोणी थांबलं नाही. 52 दिवसांचा उशीर झाला.

लग्नाआधीचं टिकाऊ नातं सिद्ध करा, असा दुसरा रस्ता कागदावर आहे. पण त्यासाठी जे पुरावे अपेक्षित असतात ते बहुतेक एकत्र राहिलेल्या जोडप्यांचे, एका पत्त्याचे, एका भाड्याचे. ठरवून केलेल्या लग्नात साखरपुड्यानंतर मुलगी माहेरी राहते. आमच्याकडे पत्रिका होत्या, हॉलच्या पावत्या होत्या, रद्द झालेली तीन तिकिटं होती. त्यांचा उपयोग झाला नाही. आम्ही एकटे नाही. महामारीमुळे नोंदणीची तारीख हुकलेल्या एका जोडप्याचं प्रकरण अपील न्यायालयापर्यंत गेलं, आणि 2023 मध्ये निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. न्यायाधीशांनी कायदा होता तसा वाचला. कायदा तुम्ही केला होता, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

हे टाळता आलं असतं, हे मला सगळ्यात जास्त सलतं. संक्रमणकाळ एक किंवा दोन वर्षं वाढवायची तरतूद करारातच होती. 30 जून 2020 च्या आत तसं कळवायचं होतं. जगभर विमानं जमिनीवर होती, नोंदणी कार्यालयं बंद होती, माणसं मरत होती. तरी जून 2020 मध्ये तुमच्या सरकारने युरोपीय संघाला कळवलं की मुदत वाढवून नको. एक सही केली असती तर किती लग्नं, किती बाळंतपणं, किती म्हाताऱ्यांचे प्रवास त्या मुदतीत बसले असते.

पुढचं ऐका. सामान्य व्हिसाचा रस्ता उरला. त्यासाठी उत्पन्नाची अट तेव्हा 18,600 पौंड होती. भाऊ एजन्सीमार्फत काम करायचा. एका आठवड्यात पन्नास तास, दुसऱ्या आठवड्यात बारा. वर्षाची बेरीज अटीपर्यंत पोचायची नाही. जानेवारी 2024 मध्ये तो कायम झाला. एकाच मालकाकडच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा जमवायला लागला. 11 एप्रिल 2024 ला अट 29,000 पौंडांवर गेली. एप्रिल 2025 मध्ये किमान वेतन ताशी 12.21 पौंड झालं. आठवड्याला 40 तास, वर्षाचे बावन्नही आठवडे धरले तरी ते पंचवीस हजार चारशे पौंडांच्या आत राहतं. म्हणजे या देशाने स्वतः ठरवलेल्या वेतनावर पूर्ण वेळ काम करणाऱ्या माणसाने बायको आणू नये, असाच हा हिशोब होतो.

त्याची मुलगी नोव्हेंबर 2021 मध्ये सावंतवाडीला जन्मली. करारानुसार तिला वडिलांजवळ येता येतं. तिच्या आईला येता येत नाही. एवढ्या लहान मुलीला आईपासून तोडून कोण आणेल? म्हणून भाऊ वर्षातून चार आठवडे जाऊन येतो.

आणखी एक गाऱ्हाणं, थोडक्यात. इथे कायम राहण्याचा जो दर्जा आम्हाला मिळाला, त्याचा कागद नाही, कार्ड नाही. तो फक्त संगणकावर आहे. घर भाड्याने घेताना, नोकरी बदलताना आम्ही एक कोड काढून देतो आणि समोरचा माणूस तो तपासतो. मागच्या वर्षी गोव्याहून परतताना विमानतळाच्या काउंटरवर एका तरुण मुलीने माझा नवा पासपोर्ट तीनदा पुढेमागे चाळला. ‘मॅडम, व्हिसा कुठे आहे?’ मी म्हटलं, ऑनलाइन आहे. माझ्या फोनला तिथे रेंज येईना. रांगेतली माणसं मागून बघत होती, मुलगा माझा हात धरून उभा होता. तिच्या वरिष्ठाने येऊन कुठे तरी फोन लावला आणि चाळीस मिनिटांनी आम्हाला सोडलं. तिचा दोष नव्हता, तिने असा माणूस पाहिलाच नसेल. पण तेरा वर्षं या देशात काढल्यावर माझ्याकडे तिला दाखवायला हातात धरता येईल असं काहीच नव्हतं. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये लॉर्ड्सच्या सभागृहाने अशी दुरुस्ती मंजूर केली होती की आम्हाला कागदी पुरावा मिळावा. ती तुमच्या सभागृहात पडली. त्याच्या दोनच वर्षं आधी विंडरश पिढीच्या कॅरिबियन म्हाताऱ्यांचं काय झालं होतं ते सगळ्या देशाने पाहिलं होतं. पन्नास-पन्नास वर्षं इथे राहिलेल्या माणसांकडे कागद नव्हता म्हणून त्यांची नोकरी गेली, उपचार थांबले, काहींना हाकललं गेलं. ते ताजं असताना तुम्ही आम्हाला कागद नाकारलात.

मला कोणी म्हणेल, मग ब्रिटिश नागरिकत्व का घेत नाही? फी दीड हजार पौंडांहून अधिक आहे. आमच्या घरात नागरिकत्वाची फी अजून एकदाच परवडली, ती मुलासाठी भरली. आणि दुसरं कारण पैशाचं नाही. ओढणीत गुंडाळलेला तो पासपोर्ट मी एकदा घरी आणला आहे. आता पोर्तुगीज पासपोर्ट सोडावा लागणार नाही, तरी पुन्हा नवं नागरिकत्व घ्यायला मन धजत नाही. राहण्यासाठी, काम करण्यासाठी, मत देण्यासाठी माणसाने आणखी किती वेळा नवं नागरिकत्व घ्यायचं?

तुम्ही परत युरोपीय संघात जा, असं मी म्हणत नाही. तो तुमचा निर्णय, आणि शेजारच्या आजोबांच्या मताचाही मी मान ठेवते. आमच्या मागण्या साध्या आहेत.

ज्या जोडप्यांचं लग्न 31 डिसेंबर 2020 च्या आत ठरलं होतं आणि महामारीच्या निर्बंधांमुळे लांबलं, त्यांना पत्रिका, तिकिटं, पावत्या, पाहुण्यांचे संदेश असे साधे पुरावे दाखवून कराराखाली अर्ज करू द्या. मुदत एक वर्षाची ठेवा, पण द्या. ही मागणी मी सगळ्यात वर ठेवते.

कायम राहण्याचा दर्जा असलेल्या ज्या माणसाला कार्ड हवं असेल त्याला ते द्या. संगणकावरची नोंदही राहू द्या.

या दर्जासाठी मुदतीनंतर आलेल्या अर्जांसाठी 9 ऑगस्ट 2023 पासून जी अट कडक केलीत, ती म्हाताऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी आणि ज्यांचे अर्ज आईवडिलांनी किंवा पालकांनी करायला हवे होते अशा मुलांसाठी पुन्हा सैल करा. आमच्याच ओळखीच्या एका म्हाताऱ्या आजी आहेत. नोंदणी करावी लागते हेच त्यांना 2023 च्या शेवटी कळलं, त्यांना इंग्रजी येत नाही आणि मुलगा वारलेला. डिसेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं होतं की कायम दर्जाआधीचा, पाच वर्षांचा तात्पुरता दर्जा असलेल्यांनी दुसरा अर्ज केला नाही म्हणून त्यांचा हक्क आपोआप जाऊ शकत नाही. तुम्ही तो निकाल मानलात, अपील केलं नाहीत. तोच विचार इथेही करा.

किमान वेतनावर पूर्ण वेळ काम करणाऱ्या माणसाला जोडीदार आणता यावा, एवढ्यावर उत्पन्नाची अट खाली आणा.

मतदानाचा कायदा तुम्ही बदलणारच आहात, तर कायम दर्जा असलेल्यांना सार्वत्रिक निवडणुकीत मत द्या. स्कॉटलंड आणि वेल्सने 2020 मध्ये आपापल्या संसदेच्या निवडणुकीत इथे कायद्याने राहणाऱ्या परदेशी लोकांना मत दिलं. तिथे काही कोसळलं नाही.

आणि यापुढे कधी सार्वमत घेतलंत, तर मतपत्रिकेवरचे दोन्ही पर्याय आधी कागदावर लिहून काढा. करार झाल्यावर तो लोकांपुढे पुन्हा ठेवा. ज्यांच्या राहण्यावर, नात्यावर त्याचा परिणाम होणार आहे त्यांना मत द्या. आमच्या आजोबांना जेवढं मिळालं होतं तेवढं.

इंग्रजी प्रतीवर माझा पत्ता आहे. उत्तर तिथे पाठवावं. भावाच्या अर्जाची सगळी कागदपत्रं माझ्याकडे एका प्लास्टिकच्या फायलीत आहेत, लग्नाच्या तीन पत्रिकांसह. तिन्हींवर नवरा-नवरीची नावं तीच आहेत, तारखा वेगवेगळ्या. तुमच्यापैकी कुणाला त्या बघायच्या असतील तर मी वेस्टमिन्स्टरला घेऊन येईन. मला गुरुवारी सुट्टी असते.

आपली,
पेडणे तालुक्यातली एक लेक,
मुक्काम स्विंडन